अमेरिकी रुग्णालयांतील तातडीच्या हृदयोपचारांतील वांशिक तफावत कशी तपासावी

कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय रुग्णांच्या मृत्युदरांची थेट तुलना करून सुरुवात करू नये. आधी वेळ मोजावा. रुग्ण दारात आल्यापासून पहिला ईसीजी १० मिनिटांत काढला गेला का, आणि हृदयाची धमनी पूर्ण बंद झाल्याचे दिसत असल्यास ती फुग्याने (अँजिओप्लास्टी करून) ९० मिनिटांच्या आत उघडली गेली का, हे प्रत्येक गटासाठी वेगळे नोंदवावे. वंशाची नोंद मात्र रुग्णाला विचारूनच करावी, चेहऱ्यावरून अंदाजाने नव्हे.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे: तफावत एकाच रुग्णालयाच्या आत आहे की वेगवेगळ्या रुग्णालयांमधली आहे, हे वेगळे काढावे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात उपचाराच्या विलंबातील वांशिक फरकाचा बराचसा भाग रुग्ण कोणत्या रुग्णालयात दाखल झाला यावर अवलंबून असल्याचे आढळले होते, आणि अशा वेळी केवळ डॉक्टरांचे पूर्वग्रह कमी करण्याचे प्रशिक्षण पुरत नाही, तर मागे पडलेल्या रुग्णालयांना मनुष्यबळ आणि चोवीस तास चालणारी कॅथलॅब (बंद धमनी उघडण्याचा कक्ष) मिळावी लागते.

विमा आणि उत्पन्न हिशेबात धरल्यावर फरक कमी दिसतो. तरीही मूळ आकडे अहवालात ठेवावेत, कारण रुग्णाने सोसलेला विलंब तोच असतो.