वजन उतरवताय? आधी या चुका टाळा

लग्नसराई तोंडावर आली की ओपीडीत एकच मागणी सुरू होते: "डॉक्टर, दोन महिन्यांत पंधरा किलो उतरवून द्या." मी सरळ नाही म्हणतो. काही जण नाराज होऊन दुसरीकडे जातात. त्यांतले काही परत येतात, तेव्हा वजन आधीपेक्षा वाढलेलं असतं आणि शिवाय एखादं नवं दुखणं सोबत असतं.

मुहूर्त गाठायला वजन उतरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एका मुलीचं लग्न ठरलं होतं, शालू घेऊन झाला होता, ब्लाउजचं माप द्यायचं तेवढं बाकी होतं. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने पोळी, भात, तेल, तूप सगळं बंद केलं. सकाळी काकडीचा रस, दुपारी पातळ ताक, रात्री दुधीचं सूप. वजन भराभर उतरलं, घरचेही खूश. लग्नाच्या थोडं आधी एका रात्री उजव्या बरगडीखाली कळ उठली, पाठीत जायला लागली, उलट्या थांबेनात. घरच्यांनी ॲसिडिटी समजून ओवा दिला, सोडा दिला. सकाळी माझ्याकडे आणली तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले होते. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, आणि एक खडा सरकून पित्तनलिकेत अडकला होता. तो एंडोस्कोपीने काढावा लागला, मग पित्ताशयाचं ऑपरेशन. लग्नाची तारीख पुढे गेली.

हे तिचं नशीब नव्हतं. वजन फार वेगाने उतरतं तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. जेवणात स्निग्धांश जवळजवळ नसेल तर पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं आणि त्यात खडे धरतात. चरबीबरोबर स्नायूही झडतात. भूक वाढवणारी संप्रेरकं तर वजन उतरल्यावर वर्षभरानंतरही चढलेलीच राहतात, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणून गेलेलं वजन परत येतं. त्याला मनाचा दुबळेपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आठवड्याला अर्धा ते एक किलो, याहून वेग नको. मी पहिल्या तीन महिन्यांसाठी मूळ वजनाच्या पाच टक्के एवढंच उद्दिष्ट देतो. ऐंशी किलोच्या माणसाला चार किलो. ऐकून लोकांचा चेहरा पडतो, पण तेवढ्यानेही साखर, बीपी आणि यकृतावरची चरबी कमी व्हायला लागते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट होतं. तेवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

"मी तर काहीच खात नाही हो"

असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. ताटातल्या पोळ्या त्याने खरंच कमी केलेल्या असतात. म्हणून मी पोळ्या मोजतच नाही. घरात किराणा कोण भरतं ते विचारतो, आणि त्या व्यक्तीला पुढचा प्रश्न: महिन्याला तेलाच्या किती पिशव्या?

चार माणसांच्या घरात सहा पिशव्या, हे उत्तर मला नेहमी ऐकू येतं. एक लिटर तेलात आठ हजारांहून जास्त कॅलरी असतात. हिशेब केला तर माणशी रोज चारशे कॅलरी नुसत्या तेलातून जातात, म्हणजे चार-पाच पोळ्यांएवढ्या. त्या फोडणीत, भाजीवर आलेल्या तवंगात, रविवारच्या भज्यांत असतात, ताटात वेगळ्या दिसत नाहीत. बाहेरचा वडापाव आणि डब्यातलं फरसाण यात धरलेलंच नाही.

माझा उपाय साधा आहे. चार माणसांना महिन्याचं अडीच लिटर तेल पहिल्या तारखेला एका बरणीत काढून ठेवायचं आणि फोडणीला चमच्यानेच घ्यायचं. बरणी वीस तारखेला रिकामी झाली तर चूक कुठे होते ते घरातच कळतं. ॲपमध्ये कॅलरी लिहिण्याचा उत्साह फार दिवस टिकलेला मी पाहिलेला नाही. बरणी टिकते.

उपासाचंही तेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यावर दाण्याचं कूट आणि तूप आलं की एका बशीत नेहमीच्या जेवणाएवढ्या कॅलरी सहज जाऊ शकतात. उपास जरूर करा, पण वजन उतरवण्याच्या खात्यात धरू नका. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता उपाशी राहू नका. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो.

नुसता वजनकाटा बघणं

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे फोटो शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे, असा बांधा सर्रास दिसतो. पोटाच्या आत साठलेली ही चरबी यकृताला आणि इन्सुलिनच्या कामाला बाधते. म्हणूनच आपल्या लोकांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात.

टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरच्या वर धोका. पँटच्या नंबरवर जाऊ नका. पँट पोटाखाली उतरते, नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

थायरॉईडवर सगळा भार टाकणं: थायरॉईड कमी झाल्याने सहसा मोजके किलो वाढतात, वीस नाही. आजार नसताना ती गोळी घेणं हृदयाला आणि हाडांना घातक आहे.

मध-लिंबू-पाणी: चरबी वितळत नाही. मध ही साखरच.

फक्त चालणं: चाला, पण आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायामही करा.

घोरण्याकडे दुर्लक्ष: दिवसा डुलक्या येत असतील तर झोपेची तपासणी करून घ्या.

'हर्बल' पावडर: सिबुट्रामिन हे वजन उतरवण्याचं औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं. तरी जगभर वनौषधी म्हणून विकलेल्या गोळ्यांत ते लपवलेलं सापडलं आहे. डब्यावर 'साइड इफेक्ट नाहीत' असं लिहिलेलं असेल तर तो डबा घेऊ नका.

मित्राचं इंजेक्शन आपण घेणं

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही भूक कमी करून वजन उतरवणारी इंजेक्शनं उपयोगी आहेत. गरज असलेल्यांना मी ती देतो, आणि ती घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लठ्ठपणा हा आजार आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, स्टेरॉईड आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही वजन वाढतं. चुकतं ते औषध घेण्याच्या पद्धतीत. मेडिकलमधून परस्पर आणायचं, डोस पटकन वाढवायचा, उलट्या झाल्या की सोडून द्यायचं. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉईड कॅन्सर असेल किंवा मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधी सांगायलाच हवं. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे. किती काळ घ्यायचं आणि खर्च किती, हे पहिल्या इंजेक्शनआधी विचारा.

बेरियाट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर करायचं ऑपरेशन, याबद्दल उलटी चूक होते, लोक फार उशिरा येतात. आपल्याकडे बीएमआय २७.५ च्या पुढे असून मधुमेह आटोक्यात येत नसेल तरी ऑपरेशनचा विचार करता येतो. गुडघे पार झिजेपर्यंत थांबायची गरज नाही. मात्र ऑपरेशननंतर लोह, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं, रक्त तपासत राहावं लागतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सर्जनना तसं आधीच सांगावं.