स्थळ असो की स्वतःची पसंती, आधी त्यांच्या घरी सकाळी जा

माझं लग्न १९९१ मध्ये सोलापुरात ठरवून झालं. कांदेपोहे, वीस मिनिटं आणि "स्वयंपाक येतो ना?" एवढा एक प्रश्न. मी शाळेत शिकवते हे त्यांना माहीत होतं, पण लग्नानंतर नोकरी राहील का, हे कुणीच विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी राजीनामा लिहिला. मुलीने २०१९ मध्ये स्वतःच्या पसंतीने केलं. चार वर्षांची ओळख, तरी जावयाच्या पगारातून भावाच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता जातो, हे तिला लग्नानंतर कळलं.

म्हणून ठरवून करावं की स्वतःच्या पसंतीने, असं भाच्या मला विचारतात तेव्हा मी आधी पाहते, बोलायचं ते बोलून झालंय का.

स्थळ आलं असेल तर पहिल्या बैठकीत होकार देऊ नका. गुण २८ जुळले म्हणून मध्यस्थ घाई करेल, करू दे. निदान तीन भेटी मागा, त्यातली एक घरच्यांशिवाय. प्रेम असेल तर ओळख जुनी आहे म्हणून चौकशी टाळू नका. पगार किती, कर्ज कुणाचं, आईवडील कुणाकडे राहणार, मूल कधी, आणि माझ्या आईला दरमहा पैसे पाठवले तर चालेल का? कागदावर लिहून न्या. संकोच वाटतो, तरी विचारा.

मग त्यांच्या घरी जा. पाहुणचाराच्या जेवणाला नको, साध्या दिवशी सकाळी. चहा कोण करतं, डबे कोण भरतं, शेवटी कोण जेवतं, आणि आई उठली की मुलगा बसून राहतो का. मला हे १९९१ मध्ये बघायला मिळालं असतं तर बरंच आधी कळलं असतं.

दोघांची रक्ततपासणी करा. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार; दोघांनाही त्याचा मायनर प्रकार (म्हणजे दोघंही नुसते वाहक) असेल तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला मेजर, म्हणजे गंभीर प्रकार, होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी ठरत असेल तर हे अजिबात सोडू नका.

"आम्हाला काही नको, मुलीला काय द्यायचं ते द्या" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. हुंडा घेणं आणि देणं १९६१ पासून गुन्हा आहे.

जात किंवा धर्म वेगळा असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करता येतं. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण हवी. दोघांपैकी एकाचा तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस राहता पत्ता लागतो, नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. नोटीस कार्यालयात लावतात, म्हणून घरी सांगायचं असेल तर त्याआधी तुम्हीच सांगा. बाहेरून कळलं की आईवडिलांना फार लागतं.

धाकट्या बहिणीच्या मुलीला सध्या बार्शीचं स्थळ आहे. दोन भेटी झाल्या. तिसरी येत्या रविवारी, त्यांच्या घरी, सकाळी आठला.