खिळ्याशिवाय पक्की बसणारी मोगरी

लाकूड कोरायची पटाशी लोखंडी हातोडीने ठोकत राहिलं की पटाशीची मूठ चिरफळते. तिला मोगरी, म्हणजे लाकडी हातोडीच हवी, आणि ती घरच्या गॅलरीत दोन रविवारांत होते. माझ्या पहिल्या मोगरीत मी दांडा खालून घातला आणि वरून खिळा मारला. आठवड्याभरात डोकं निसटून शेजारच्या तुळशीपाशी जाऊन पडलं. टिकावाचा दांडा वरून घालतात, म्हणून तो घावागणिक आवळत जातो. आपणही तेच करायचं.

डोक्याला बाभूळ घ्या. बैलगाडीची चाकं बाभळीची करत, यावरून काय ते समजा. साग नको, हलका पडतो आणि कडेच्या कपच्या उडतात. दांड्याला धामणीचं लाकूड मिळालं तर सोन्याहून पिवळं. दोन्ही लाकडं वाळलेली हवीत. ओल्यात केलेली मोगरी उन्हाळ्यात तडकते.

डोकं 5 इंच लांब, साडेतीन इंच उंच, अडीच इंच जाड. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनेच ठेवा, म्हणजे घाव रेषांच्या टोकांवर बसेल.

आता खरं काम, भोकाचं. वरच्या बाजूला मधोमध 1 इंच 4 सूत (8 सूत म्हणजे 1 इंच) लांब, खालच्या बाजूला 1 इंच 2 सूत. रुंदी दोन्हीकडे 1 इंच. म्हणजे पुढून आणि मागून एकेक सूत उतार. हा उतार डोक्याच्या रुंद बाजूंवरही पेन्सिलीने काढून ठेवा, पटाशी धरताना नजरेला आधार होतो. डोकं क्लॅम्पने आवळा. 6 सुती बिटने वरून अर्धं आणि खालून अर्धं ड्रिल करा. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडे लाकूड फाटतं. उरलेलं पटाशीने, थोडं थोडं.

दांडा 13 इंच लांब, 1 इंच जाड. वरचे साडेचार इंच भोकासारखे निमुळते रंधा, खालचा भाग 1 इंच 2 सुतांपेक्षा कणभरही रुंद नको, नाहीतर वरून उतरणारच नाही. दांड्यावर पेन्सिल घासून तो भोकात घाला, ओढून काढा. आत जिथे काळा डाग उठेल तेवढंच तासा. असं माझं आठ-दहा वेळा झालं. शेवटी वर अर्धा-पाऊण इंच दांडा बाहेर राहू द्या.

मारायच्या दोन्ही बाजू खाली आत झुकत्या कापा, तळाशी दीड सूत. हात कोपरापासून फिरतो. सरळ कापलं तर घाव कडेवर बसतो. कडा कानशीने मोडा.

डबल बॉइल्ड अळशीचं तेल चोळा. तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं; उघड्यावर पसरून वाळवा.

मार्च-एप्रिलमध्ये दांडा वाळून सैल वाटेल. वर राहिलेल्या टोकावर दोन ठोके द्या.