वॉर्डातल्या बागेसाठी इंटर्न घेताना

कॉलेजकडे विद्यार्थी मागायला जाण्याआधी बागेत एक फेरी मारा आणि काम कागदावर उतरवा. ‘बागेला मदत हवी’ एवढ्यावरच मुलं बोलावली, तर त्यांच्या हाती झाडू येतो, दोन आठवड्यांत संख्या रोडावते आणि हजेरीपटावर नुसत्या सह्या उरतात. एका सत्रात पुरं होईल, मोजता येईल आणि मुलं गेल्यावरही बागेच्या उपयोगी पडेल असंच काम निवडा: झाडांची नोंदवही, पालापाचोळ्याचं खत, पावसाळी लागवड.

बाग पालिकेची असेल तर उद्यान विभागाला अर्ज द्या. त्यात काम, दिवस, वेळ आणि जागा लिहा, पोच घ्या. त्याच दिवशी माळीकाकांना भेटा. पाण्याचा कॉक कुठे, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, हे त्यांना सगळ्यात चांगलं ठाऊक असतं, आणि त्यांना न विचारता आखलेलं काम टिकत नाही. फांद्या छाटणं यादीत घेऊच नका. शहरातल्या झाडांना 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे आणि छाटणीला वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते.

तासांचा हिशोब आधी मांडा. 4 श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) इंटर्नशिपला 120 तास धरतात. सकाळी 7 ते 9.30, आठवड्यातून तीन दिवस काम केलं तर त्याला 16 आठवडे लागतात. मध्ये गणपती, परीक्षा, दिवाळी येणारच. म्हणून 25-30 तास नोंदी संगणकावर चढवणं, नकाशा काढणं अशा घरबसल्या कामांसाठी राखून ठेवा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांचे वर्षाला 120 तास असतात. त्यांची वही वेगळी ठेवा, एकच तास दोन्हीकडे दाखवू नका.

पाच विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक पुरतो, पण प्रत्येक गटाला दोघं नेमा, म्हणजे एक जण गावाला गेला तरी काम अडत नाही. शेती खात्यातून निवृत्त झालेले, वनस्पतिशास्त्र शिकवणारे, घरी खत करणाऱ्या ताई, असे लोक शोधा. मार्गदर्शकाने काम आधी स्वतःच्या हाताने करून दाखवायचं, मग मुलांकडून करून घ्यायचं, मग बाजूला व्हायचं. तासभर भाषण झालं की उरलेला वेळ वाया जातो. विद्यार्थी 18 वर्षांखालचा असेल तर पालकांचं संमतीपत्र घ्या आणि एकट्या मुलाला एकट्या मोठ्या माणसाबरोबर आडबाजूला पाठवू नका.

सुरुवात झाडांच्या नोंदीपासून करावी. मुलांना बाग त्यातूनच कळते. खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजायचा. उतारावर हे अंतर वरच्या बाजूने धरायचं. त्याखालीच खोड दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगळी मोजायची. पहिली दहा झाडं दोन जोड्यांना एकमेकांना न सांगता मोजू द्या. आकड्यांत 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर बहुतेक वेळा टेप मागच्या बाजूला खाली घसरलेली असते. क्रमांकाची पाटी खिळ्याने ठोकू नका, काथ्याने सैल बांधा.

पानगळीचं खत करणाऱ्या मुलांची तुकडी जानेवारीत घ्या, म्हणजे खत जूनच्या लागवडीला मिळतं. साडेतीन मीटर लांब, एक मीटर उंच कोंबडीजाळी गोल वळवून तारेने बांधा. साधारण एक मीटर व्यासाचा पिंजरा होतो. आधी भिजवलेल्या पानांचा वीतभर थर, त्यावर चार बोटं ताजं गवत किंवा गिरिपुष्पाचा पाला, वर मूठभर शेणखत. असं काठापर्यंत रचत जा. दर पंधरा दिवसांनी उलथापालथ करा. मूठ आवळल्यावर तळहात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. घाण वास आला तर पाणी जास्त झालं आणि हवा कोंडली, त्यात कोरडी पानं मिसळा. महिन्यानंतरही पानं जशीच्या तशी असतील तर ओल किंवा हिरवा पाला कमी पडला आहे.

पाल्याच्या ढिगात साप असू शकतो. हात घालण्याआधी काठीने हलवा. हातमोजे आणि बंद बूट हवेतच. साप चावला तर कापणं, आवळून बांधणं काही नको. हालचाल थांबवून 108 ला फोन करा.

लागवडीला दोन-दोन फुटांचे खड्डे मे महिन्यातच खणून ठेवा. बहावा, ताम्हण, करंज लावा. किती रोपं लावायची, ते उन्हाळ्यातल्या पाण्यावरून ठरवा, हौसेवरून नाही. रोपाला 10 लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे 50 रोपांना आठवड्याला 1000 लिटर. मार्च-एप्रिलमध्ये मुलं परीक्षेत असतात आणि सगळ्यात जास्त रोपं तेव्हाच मरतात. त्या महिन्यांची पाणीपाळी रहिवाशांनी घ्यायची, नावं आणि वार जुलैमध्येच फळ्यावर लिहून ठेवायचे.

प्रमाणपत्र देण्याआधी प्रत्येक गटाकडून तीन गोष्टी घ्या: नोंदींची फाइल, जागेचा नकाशा आणि ‘पुढच्या तुकडीने पहिल्या आठवड्यात काय करायचं’ याचं एक पान. प्रमाणपत्रावर ‘उत्तम सहभाग’ लिहू नका. किती झाडं मोजली, किती घमेली खत चाळलं, ते लिहा. नोकरीच्या मुलाखतीत त्या आकड्यांवर मुलांना बोलता येतं.