कंदील रंगवण्याच्या आदल्या रात्रीची तयारी

रविवारी चाळीतली मुलं मंडळाच्या खोलीत संगणकावर कंदील रंगवायला बसणार, तर शनिवारी रात्रीच पेंट (विंडोजमधला चित्रं काढायचा प्रोग्राम) उघडून प्रत्येक चित्रात रंग ओतून बघा. रंग बाहेर सांडला की पोरं हिरमुसतात आणि मोठी माणसं संगणकाला नावं ठेवतात. खोट बहुतेक वेळा चित्राच्या रेषेत असते, आणि ती आधी काढता येते.

माहीमच्या कंदील गल्लीतले कंदील बघून मुलांनी कागदावर काढलेली चित्रं आपण मोबाइलने टिपलीत. सगळ्यात जास्त वेळ त्यांनाच द्या. डोळ्याला कागद पांढरा दिसतो, पण फोटोत त्या पांढऱ्याच्या शेकडो छटा असतात. आपल्याकडच्या विंडोज 10 मधल्या पेंटची बादली, म्हणजे रंग ओतायचं साधन, फक्त क्लिक केलेल्या पिक्सेलच्या (चित्रातल्या बारीक ठिपक्याच्या) अगदी त्याच रंगाचे, एकमेकांना लागून असलेले पिक्सेल भरते. छटा जराशी बदलली की ती थांबते, आणि पिवळ्या कंदिलावर पांढरे ठिपके उरतात. म्हणून फोटो गिम्पमध्ये (चित्रं सुधारायच्या प्रोग्राममध्ये) उघडा, कलर्स मेनूतलं थ्रेशोल्ड लावून निव्वळ काळा-पांढरा करा आणि पीएनजी प्रकारची फाइल म्हणून ठेवा. जेपीजी मुळीच नको. त्यात रेषेभोवती पुन्हा करडी धूळ जमते. नंतर पेंटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नाही, ‘कलर’ निवडलंय ना, तेवढं तपासा.

मग गळती. कंदिलाचा सांगाडा सहसा बंद असतो, दगा देतात त्या शेपट्या. मुलं दोन लांब रेषा खाली ओढतात आणि टोक उघडंच सोडतात. एका पिक्सेलची फट असली तरी तिथून रंग निसटून सगळं आकाश लाल होतं. मुद्दाम गडद गुलाबी ओता, कुठून बाहेर पडतोय ते बघा, कंट्रोल-झेड करून तो रंग परत काढा, 800 टक्के झूम आणि ग्रिडलाइन्स लावून ती फट काळ्या पेन्सिलने बुजवा. ब्रश नको. ब्रशच्या कडा मऊ असतात, त्यामुळे रंग भरल्यावर रेषेलगत फिकट किनार राहते, आणि ती छापल्यावर फार वाईट दिसते.

नव्या लॅपटॉपवर विंडोज 11 आहे. तिथल्या पेंटमध्ये 2023 पासून लेअर, म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्राचे थर, आलेत. रिकाम्या लेअरवर बादली ओतली तर खालची रेष तिला दिसतच नाही, आख्खा लेअर भरून जातो. त्यामुळे चित्राचाच लेअर निवडून ठेवा. गिम्प वापरणाऱ्यांनी कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून जुनं सिलेक्शन (आधी निवडलेला भाग) काढून टाकावं, नाहीतर त्याच्या बाहेर रंग चढत नाही.

माऊसही बघून घ्या. उजवं बटण दाबलं की बादली दुसरा रंग ओतते, आणि तो बहुधा पांढराच असतो. मूल सारखं क्लिक करतं आणि काहीच होत नाही असं त्याला वाटतं. त्यांना आधीच डावं बटण दाखवा, आणि क्लिक रेषेवर नाही, आतल्या मोकळ्या जागेत करायला सांगा, कारण रेषेवर केलं तर रेषच रंगते. मूळ फाइल्सना रीड-ओन्ली (फक्त बघता येतील, बदलता येणार नाहीत अशा) करून प्रत्येक मुलाच्या नावाने वेगळी प्रत काढा.