एका गावाला दोन रेल्वे: कुठली उखडली आणि का, हे कसं शोधायचं

इंग्लंडच्या जुन्या नकाशावर त्याच दोन शहरांमध्ये दोन-दोन रेल्वेमार्ग दिसतात, आजच्या नकाशावर एकच. टिळकवाडीत माझ्याकडे शिकवणीला येणारी पोरं विचारतात, "सर, तोट्यात होता म्हणून बंद केला की!" तोटा होता, पण तेवढ्यावर वही मिटू नका.

आधी मालक शोधा. जुन्या नकाशावरच्या प्रत्येक मार्गाला मूळ कंपनीप्रमाणे वेगळा रंग द्या. तिकडे खासगी कंपन्यांनी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायला रूळ टाकले होते. 1923 मध्ये बहुतेकांच्या चार मोठ्या कंपन्या झाल्या आणि 1 जानेवारी 1948 ला त्या सरकारच्या झाल्या. फरक समजायला बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावर उभं राहा. निपाणीमार्गे कोल्हापूरला कर्नाटकची बस जाते आणि महाराष्ट्राची लालपरीही. हिशेब वेगळे, म्हणून दोन्ही धावतात. उद्या महामंडळ एकच झालं, तर एकामागोमाग दोन अर्ध्या रिकाम्या गाड्या कशाला, असं कुणीतरी साहेब विचारणारच. रेल्वेला तर रूळ, पूल, सिग्नल, गँगमन, सगळंच दुप्पट पोसायचं.

मग 1948 लाच का नाही बंद केले? कारण सरकारी रेल्वेचे जे नवे विभाग पाडले, त्यांच्या हद्दी बऱ्याचशा जुन्या कंपन्यांच्याच होत्या. पाटी बदलली, भांडण तेच. म्हणून हद्द कधी हलली ते साल शोधा. खरी मेख तिथंच असते.

एक्झेटर ते प्लिमथ घ्या. ग्रेट वेस्टर्नचा मार्ग डॉलिशवरून समुद्राला चिकटून, तर लंडन अँड साऊथ वेस्टर्नचा डार्टमूरच्या माळरानाला उत्तरेनं वळसा घालून ओकहॅम्प्टनवरून. एक्झेटरच्या सेंट डेव्हिड्स स्टेशनवर तर मजाच. दोन्ही गाड्या प्लिमथच्याच, पण सुटायच्या एकमेकींकडे पाठ करून! 1963 मध्ये साऊथ वेस्टर्नचे सॅलिसबरीच्या पश्चिमेचे मार्ग वेस्टर्न विभागाकडे, म्हणजे जुना वैरी ग्रेट वेस्टर्नच्याच वारसाच्या ताब्यात गेले. आता पुढची सालं ओळीनं लिहा. 1964, लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून सुटणारी नामांकित एक्स्प्रेस बंद. 1967, सॅलिसबरी-एक्झेटरचा बराचसा मार्ग एकेरी. 1968, ओकहॅम्प्टनपलीकडे प्लिमथकडे जाणारी वाट बंद. आधी गाड्या काढा, मग प्रवासी नाहीत म्हणा. मी तरी याला नुसता तोटा म्हणणार नाही.

याच रीतीनं ग्रेट सेंट्रल तपासा. 1899 मध्ये लंडनच्या मेरिलबोनपर्यंत पोचलेला हा मार्ग 1958 मध्ये लंडन मिडलंड विभागाकडे गेला. त्या विभागाला लंडनहून उत्तरेकडे जाणारे स्वतःचे मार्ग होतेच. 1960 मध्ये थेट एक्स्प्रेस बंद, 1966 मध्ये बराचसा मुख्य मार्ग बंद. नॉटिंगहॅमच्या व्हिक्टोरिया स्टेशनच्या जागी आता बाजारसंकुल आहे, घड्याळाचा मनोरा तेवढा राहिलाय.

ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख बीचिंग यांचं नाव निघालं की सगळे 1963 च्या अहवालाकडे धावतात. त्यात दोन हजारांवर स्टेशनं बंद करायची शिफारस होती, गाजला तोच. पण अशा दोन-दोन समांतर मार्गांसाठी त्यांचा 1965 चा दुसरा अहवाल बघा. मुख्य मार्ग 7,500 मैल, त्यातले वाढवण्याजोगे म्हणून निवडले 3,000.

सगळ्यात शेवटी विचारा, उरलेला मार्ग तुटला तर? फेब्रुवारी 2014 मध्ये डॉलिशला समुद्रानं रुळांखालची भिंत खाल्ली. दोन महिने प्लिमथकडची रेल्वे बंद, आणि वळवायला दुसरी वाट नाही. 2021 मध्ये ओकहॅम्प्टनपर्यंत नियमित गाडी परत आली, पलीकडचा तुकडा अजून तुटलेलाच. जादा मार्गाचं हे मोल हिशेबात कुठल्या खात्यावर मांडलं होतं का, ते तपासा.

फक्त ही रीत मिरज-बेळगाव-लोंढ्याला लावायला जाऊ नका. इथं मुळात मार्गच एक. आपलं दुखणं मीटरगेजचं होतं, ते 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाल्यावर संपलं. त्याला वेगळी वही घाला.