स्टॅकमधल्या घटकांची मालकी आणि मेमरीची साफसफाई

स्टॅक म्हणजे शेवटी ठेवलेला घटक आधी बाहेर काढणारी रचना. तिचा क्लास लिहायला बसले की पुश (वर घटक ठेवणे) आणि पॉप (वरचा घटक काढणे) पहिल्या अर्ध्या तासात तयार होतात. दिवसच्या दिवस खातात त्या साफसफाईतल्या चुका. म्हणून पहिली ओळ लिहिण्याआधीच ठरवावे की स्टॅकमध्ये ठेवलेल्या घटकाची मालकी कोणाकडे आहे आणि ती नेमक्या कोणत्या क्षणी सुटते. नोड, म्हणजे घटक आणि पुढच्या नोडचा पत्ता धरून ठेवणारा मेमरीचा तुकडा, स्टॅकने तयार केला असेल, तर तो मोकळा करण्याची जबाबदारीही स्टॅकचीच आहे. पण स्टॅकमध्ये दुसऱ्याने तयार केलेल्या ऑब्जेक्टचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) ठेवले जात असतील, तर ते ऑब्जेक्ट नष्ट करण्याचा अधिकार स्टॅकला आहे की नाही, हे क्लासच्या सुरुवातीलाच टिपणीत स्पष्ट लिहून ठेवावे.

सी प्लस प्लसमध्ये लिंक्ड लिस्टवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोडच्या साखळीवर, उभारलेला स्टॅक घेऊ. वर ३०, त्याखाली २० आणि तळाशी १० असे तीन नोड आहेत. डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) लूप चालवताना आधी ३० च्या नोडचा पत्ता एका स्थानिक पॉइंटरमध्ये जपून ठेवावा, मग सर्वांत वरच्या नोडचा पत्ता ठेवणारा टॉप पॉइंटर २० वर सरकवावा आणि त्यानंतरच जपलेला नोड डिलीट करावा. टॉप नल होईपर्यंत हेच करत राहावे. हा क्रम उलटला, म्हणजे नोड आधी डिलीट करून मग त्यातूनच पुढचा पत्ता वाचला, तर मोकळी केलेली मेमरी वाचली जाते. असा प्रोग्रॅम चाचणीत अनेकदा सुरळीत चालतो, आणि मला ही चूक सर्वांत घातक वाटते ती याचमुळे.

डिस्ट्रक्टर लिहिला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. कंपायलर स्वतःहून जी कॉपी करून देतो, ती फक्त पॉइंटरची असते. हा स्टॅक एखाद्या फंक्शनला व्हॅल्यूने, म्हणजे कॉपी करून, पाठवला, तर मूळ स्टॅक आणि त्याची कॉपी असे दोघेही त्याच ३० च्या नोडकडे बोट दाखवतात. फंक्शन संपताच कॉपीचा डिस्ट्रक्टर तिन्ही नोड मोकळे करतो आणि पुढे मूळ स्टॅक तेच नोड पुन्हा मोकळे करायला जातो. यासाठी डिस्ट्रक्टरबरोबर कॉपी कन्स्ट्रक्टर आणि असाइनमेंट ऑपरेटरही लिहावेत, किंवा कॉपीची गरजच नसेल तर सी प्लस प्लसच्या २०११ च्या मानकापासून मिळालेली सोय वापरून ते दोन्ही बंद करून टाकावेत. कॉपी लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी: मूळ स्टॅक वरून खाली वाचत नव्यात पुश करत गेल्यास क्रम उलटा होतो, त्यामुळे नवे नोड शेपटाला जोडत जावे लागतात.

त्याच मानकात आलेला युनिक पॉइंटर मालकी सांभाळतो, म्हणजे स्वतः नष्ट होताना आपल्या ताब्यातला ऑब्जेक्टही नष्ट करतो, आणि नव्या कोडमध्ये तोच वापरावा. तरीही डिस्ट्रक्टरमधला लूप काढू नये. प्रत्येक नोडचा युनिक पॉइंटर पुढच्या नोडला नष्ट करतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि अशी एकात एक गुंतलेली कॉल्सची साखळी तयार होते. लाखो नोड असतील तर कॉल स्टॅकच, म्हणजे चालू फंक्शन कॉल्ससाठी राखलेली मेमरी, संपतो. विंडोजवर त्याची मर्यादा सहसा १ एमबी आणि लिनक्सवर ८ एमबी असते.

पॉपने काढलेली किंमत परतही करावी का? मानक लायब्ररीतला पॉप काहीही परत करत नाही आणि वरचा घटक पाहण्यासाठी टॉप हे फंक्शन वेगळे ठेवलेले आहे. किंमत परत करताना तिच्या कॉपीत एक्सेप्शन (काम मध्येच थांबवणारी त्रुटी) उद्भवले, तर घटक स्टॅकमधूनही गेलेला असतो आणि मागणाऱ्याच्या हातीही लागत नाही. आपल्या क्लासमध्येही हीच विभागणी ठेवावी. रिकाम्या स्टॅकवर पॉप केल्यास मात्र आपण स्पष्ट एक्सेप्शन द्यावे, कारण मानक लायब्ररी तिथे कोणतीही हमी देत नाही.

जावामध्ये न वापरलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर असला तरी ॲरेवर उभारलेल्या स्टॅकमधून मेमरी गळू शकते. पॉपमध्ये केवळ आकार एकने कमी केला, तर काढलेल्या घटकाचा संदर्भ ॲरेच्या त्या जागेत तसाच राहतो आणि कलेक्टर तो ऑब्जेक्ट उचलत नाही; म्हणून ती जागा नल करावी. घटक म्हणजे उघडलेल्या फाइली असतील, तर स्टॅकला क्लोज मेथड द्यावी आणि तिच्यात उरलेला प्रत्येक घटक बंद करावा. त्यासाठी फायनलाइझवर, म्हणजे कलेक्टरने ऑब्जेक्ट उचलण्याआधी चालणाऱ्या मेथडवर, विसंबू नये; ती मेथड २०१७ च्या जावा ९ पासून वापरातून बाद ठरवलेली आहे.

तपासणीसाठी सी प्लस प्लसमध्ये एक छोटा क्लास लिहावा, ज्याच्या कॉपीसह सर्व कन्स्ट्रक्टरमध्ये एक स्टॅटिक गणक वाढतो आणि डिस्ट्रक्टरमध्ये कमी होतो. या क्लासचे घटक भरून रिकामा स्टॅक, अर्धवट पॉप केलेला स्टॅक, कॉपी केलेला स्टॅक आणि १० लाख घटकांचा स्टॅक अशा चारही चाचण्या ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) चालू ठेवून घ्याव्यात. प्रत्येक चाचणीनंतर गणक शून्यावर यायला हवा: तो वर राहिला तर मेमरी गळते आहे, आणि शून्याखाली गेला तर एखादा घटक दोनदा नष्ट झाला आहे.